समुद्रावरची येळवस

"सिंधूला ॲम्ब्युलन्समध्ये घालून नेलं, आता काही खरं नाही," ही बातमी लातूरला आमच्या घरी आली ती बरीच तोंडं फिरून. सिंधू म्हणजे माझी मावशी, आणि मूळ तोंड तिच्या शेजारणीचं, महानंदाकाकूंचं. निलंग्याच्या अलीकडच्या त्या गावात काकू पहाटे अंगण झाडत होत्या. त्यांनी पाहिलं ते असं: "आगं माय, दवाखान्याची गाडी उभी, वैजनाथभाऊनी मागचं दार उघडलं, सिंधूचा हात धरून आत घेतलं अन् गेली की गाडी भर्रकन!" इथवर एक शब्द खोटा नव्हता. पिठाच्या गिरणीपाशी त्याचं झालं, "हात धरून कशाला, चौघांनी उचलून." एसटी स्टँडवर, "उचललं तवा सुद कुठं हुती? नाकाला नळी हुती." आणि लातूरच्या आडतीवर, जिथं मावशीच्या नवऱ्याला, वैजनाथकाकांना, हमालापासून दिवाणजीपर्यंत सगळे ओळखतात, तिथं एक जण गोणीवर बसून गंभीर आवाजात सांगत होता, "पुण्याला हलिवलं. डाक्टरनं हात टेकले. आता निस्ती वाट बघायची."

लोकांचा विश्वास बसला त्यालाही कारण होतं. गेल्या भादव्यात सोयाबीनमध्ये मावशीला खरंच पान लागलं होतं. साप चावला असं आमच्याकडं कुणी उघड म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. तेव्हा ती वाचली होती. आता दुसऱ्यांदा काय झालं असेल ते असो, असं म्हणत माझ्या आईनं गॅस बंद केला, डोळ्याला पदर लावला आणि फोन केला. फोन पेशंटनंच उचलला.

"कोण गेलं? मी? आगं, मी कऱ्हाडच्या फुडं हाय. कांदा चिरून राहिले. गाडी लई हालतीया, बोट कापंल. ठेव."

तर खरं ते एवढंच. गाडी ॲम्ब्युलन्सच होती, पण निवृत्त झालेली. बंद पडलेल्या एका दवाखान्याच्या आवारात ती बाभळीखाली गंजत उभी होती, ती वैजनाथकाकांनी घेतली. उभा जन्म स्वतःच्या पिकअपमधून सोयाबीन आणि तूर लातूरला वाहून नेलेला माणूस, इंजिनाचा आवाज ऐकून तब्येत सांगणारा. तिला त्यांनी सायीच्या रंगाचा हात मारला. तरी उन्हाची तिरीप पडली की आतली लाल अक्षरं जुन्या व्रणासारखी वर यायची. शिवप्रसाद वेल्डरनं आत खाट बसवली, शेगडीला फळी ठोकली, टपावर पाण्याची टाकी चढवली. सलाईनच्या हुकाला कांद्या-बटाट्याची पिशवी लटकली. खिडक्यांना मावशीच्या जुन्या इरकलीचे पडदे. "भोंग्याची वायर तोडलीया, काका," शिवप्रसाद छातीवर हात ठेवून म्हणाला, "आता कुणाचा बा आला तरी वाजणार न्हाई."

गाडीतच राहायचं, गाडीतच शिजवायचं आणि समुद्राच्या कडेकडेनं फिरायचं, ही कल्पना त्यांच्या मुलानं, बालाजीनं, मोबाइलवर दाखवलेली. पण फिरायला म्हणून ते निघालेच नव्हते. गाडीत खाटेखाली एक शर्त ठेवलेली होती, असं म्हटलं तरी चालेल.

बालाजी पुण्यात. त्यानं मोठा फ्लॅट घेतला होता आणि आईबापानं गावचं दार लावून तिथं यावं असा त्याचा लकडा होता. काका तयार होते. "थकलो मी शेतीला," असं ते दिवाळीपासून म्हणत होते, आणि मावशीला ते खरं वाटत होतं. मावशी मात्र तयार नव्हती. ती नाही म्हणायची नाही, "बघू" म्हणायची. तिचा "बघू" ऐकायला कान लागतो. तोडून टाकलेला "बघू" म्हणजे नाही. लांबवलेला "बघूऽ" म्हणजे होय, पण तुमच्यावर उपकार म्हणून. आणि नाक ओढून म्हटलेला "बघू" म्हणजे तिनं ते काम कधीच उरकलेलं असतं. पुण्याच्या बाबतीत ती पहिला म्हणत होती.

शेवटी काकांनी तोडगा काढला. "यंदाची येळवस शेताबाहीर करून बघू. जमलं तुला, तर पाडव्याला शेत गावातल्या अंगदला बटईनं, अर्ध्या वाट्यानं द्यायचं अन् पुण्याला जायचं. न्हाई जमलं, तर विषय बंद. फिरून काढणार न्हाई."

येळवस म्हणजे आमच्या भागातली मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी लातूरचा बाजारसुद्धा ओस पडतो, कारण माणूस म्हणून जो आहे तो शेतात. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपटी करायची, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, आंबील शिंपडत शेताला फेरा घालायचा, आणि मग जेवायचं. वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बसवायचं. मावशीच्या शेतातला तो जेवणाचा दिवस तिच्या लग्नापासून एकदाही चुकला नव्हता. बाळंतपणात नाही, सासू गेली त्या वर्षीही नाही. तरी ती शर्त ऐकल्यावर तिनं हातातली तुरीची शेंग सोलून संपवली आणि म्हणाली, "चला." पुण्याचं टाळायचं असेल तर हरून यायचं, एवढंच तर होतं.

कुंभार्ली घाट उतरून ते गुहागरला आले. सुरूच्या झाडांमधून गाडी पुढं सरकली आणि समोर सगळं एकदम निळं झालं. काका कौतुकानं मावशीकडं बघत राहिले, आता ही काहीतरी म्हणणार म्हणून. मावशी डावीकडं बघे, उजवीकडं बघे.

"आवं, ह्याचा बांध कुठं हाय?"

"पलीकडं. अरबस्तानात."

ती हसली नाही. ज्याला बांध नाही ते कुणाचं म्हणायचं, हे तिला खरोखरच कळेना. शेतात उभं राहिलं की डोळा बांधापर्यंत जातो आणि वळून घरी येतो. इथं तो जातच राहायचा. पहिल्या दिवशी तिला त्यानं भोवळ आल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी वाळूत बसून भाकरी खाताना जरा बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी काका उठले तेव्हा ती खाटेवर नव्हती. पाण्याच्या कडेनं, चपला हातात धरून, नऊवारीचा ओचा वर खोचून ती एकटीच पार दुसऱ्या टोकाच्या खडकापर्यंत चालत गेली होती. परत आलेल्या तिच्या चेहऱ्याकडं बघून काकांनी चहाचं आधण ठेवलं.

तवसाळला खाडी ओलांडायला गाडी बोटीत चढवावी लागते. पुढं गाड्यांची रांग. बोटीवरच्या माणसानं नव्या रंगाखालची अक्षरं वाचली, हातवारे करून सगळ्यांना बाजूला घेतलं आणि ओरडला, "पेशंटला पुढं येऊ द्या, पेशंटला!" काका खिडकीतून डोकं काढून सांगायला लागले की आवं, तसं काही नाही. मागून मावशीनं त्यांचा सदरा ओढला.

"गप बसा. माणूस एवढ्या मायेनं वाट करून देतंय, त्याला चारचौघांत खोटं कशाला पाडायचं?"

आणि ती खाटेवर आडवी झाली, तोंडावर पदर घेऊन. खाडी ओलांडेपर्यंत तशीच. बोटीवरची एक बाई खिडकीतून आत डोकावून "बऱ्या व्हाल हो" म्हणाली, तर मावशीनं क्षीण आवाजात "हाव" म्हटलं.

येळवशीच्या दिवशी ते गणपतीपुळ्याच्या अलीकडं एका लहानशा किनाऱ्यावर होते. सकाळी पाणी लांबवर गेलेलं. वाळू ओली, सपाट, खळ्यासारखी घट्ट. काकांनी तिच्यावर टाच आपटून बघितली. "जमीन कशी निब्बर हाय!" म्हणत त्यांनी गाडी थेट खाली, मोकळ्यावर आणून लावली. सोबत आणलेली कडब्याची एक पेंढी गाडीला टेकवून उभी केली, तीच कोप. मावशीनं किनाऱ्यावरचेच पाच गोटे वेचून तिच्यात मांडले.

नारळाच्या वाडीतून एक काकू हातात कोयता घेऊन खाली आल्या. गाडीकडं बघून म्हणाल्या, "आज अमावास्या हो. गाडी इथं नका ठेवू, वर घ्या."

नव्या धोतराचा सोगा झटकत काका समजूतदारपणे हसले. "ताई, तुमच्याकडं आमुशा वंगाळ आसंल. आमच्याकडं लई चांगली. आज आमची येळवस. दुपारी जेवायला या, बरं का."

"अहो, पण—"

"मनात शंका नका आणू ताई, देवाचं काम हाय."

वाडीवाल्या काकूंनी एकदा त्यांच्या फेट्याकडं पाहिलं, एकदा समुद्राकडं पाहिलं, आणि त्या वर निघून गेल्या.

मावशीनं मोठं पातेलं चढवलं. आता खाणारी तोंडं दोन, पण येळवशीची भज्जी दोन माणसांची करायची म्हणजे काय करायचं, हेच तिच्या हाताला ठाऊक नव्हतं. हिरवे वाटाणे, तुरीचे दाणे, हरभरा, पालेभाजी, वरून बेसन आणि आंबट ताक. घट्ट शिजणारी ती भज्जी वर्षानुवर्षं ती शेतभर माणसांची करत आलेली. तेवढीच झाली. आंबील गाडग्यात होतीच. ऊन चढायला लागलं, सहलीच्या बसमधून माणसं उतरायला लागली आणि ती कंबरेवर हात ठेवून हाका मारू लागली.

"या ओ, या! जेवून जावा!"

"काकू, प्लेट कितीला?"

"कितीला न्हाई, बसा."

"म्हणजे फ्री? कुठल्या पार्टीकडून?"

"आरं, कसली पार्टी? येळवस हाय."

"ऑनलाइन घेता ना?"

एका चष्मेवाल्यानं गाडीवरची अक्षरं लावून वाचली आणि पोरांना मागं ओढलं, "पेशंटांसाठी आहे ते, हात लावू नका." एका मुलीनं आंबिलीचा फोटो काढला आणि थँक्यू म्हणून गेली. मावशीचा हाक मारायचा हात हळूहळू खाली आला. शेतात तिला कधी कुणी "कशासाठी?" विचारलं नव्हतं. बांधाच्या आत पाऊल पडलं की माणूस पाहुणा होतो, ते बोलावं लागत नाही. इथं कुठं पाऊल पडल्यावर तो पाहुणा व्हायचा? तिच्या लक्षात आलं की ती हरते आहे, म्हणजे शर्त जिंकते आहे, आणि तरी तिला बरं वाटेना.

"घ्या, फेरा घाला," ती काकांना म्हणाली. "आपलं आपण जेवू."

शेत नाही तर गाडीला फेरा. काका गाडगं घेऊन, लिंबाच्या डहाळीनं आंबील शिंपडत, येळवशीचे जुने, अर्धे कानडी बोल म्हणत निघाले. पहिला फेरा कोरडा झाला. दुसऱ्या फेऱ्यात त्यांचे पाय भिजले.

"पानी आलं गं."

"येऊ द्या. जाईल."

ते गेलं नाही. पुढची लाट कोपीपर्यंत आली आणि परतताना पाचही पांडव घेऊन गेली. त्यापुढची चाकात शिरली. काकांनी गाडगं मावशीकडं दिलं, गाडीतून फावडं ओढलं, धोतर खोचलं आणि गाडीभोवती वाळू ओढायला सुरुवात केली. वाळू ओढून, फावड्याच्या पाठीनं थोपटून, वळण साधून त्यांनी बघता बघता गुडघाभर बांध उभा केला. तो फुटला की दुसरा. "तिकडनं दाब टाक! कोपऱ्याला मोरी ठेव, मोरी! पानी जायला वाट! पानी अडवायचं न्हाई, फिरवायचं!" ऐकायला जवळ कुणी नव्हतं. दिवाळीपासून जो माणूस शेतीला थकला होता, तो अख्ख्या समुद्राशी शेजारच्या शेतकऱ्याशी भांडावं तसा भांडत होता. फेटा सुटून गळ्यात आलेला. तोंडावर खारं पाणी. मावशी पातेलं कमरेवर आणि गाडगं हातात घेऊन वरच्या कोरड्या वाळूकडं पळाली होती, भज्जी आधी, बाकी नंतर. तिथून वळून तिनं त्यांच्याकडं पाहिलं आणि पातेलं खाली ठेवायचं विसरून ती बघतच राहिली.

तेवढ्यात पाणी इंजिनात कुठंतरी शिरलं आणि शिवप्रसादनं तोडलेला भोंगा सुरू झाला. असा सुरू झाला की डोंगरावरून आवाज परत यायला लागला. "कोण बुडालं? कोण बुडालं?" करत सगळा किनारा धावला. मघाचा चष्मेवाला सगळ्यात पुढं. होड्यांवरचे लोक दोर घेऊन आले. पोरांनी मागून खांदे लावले, बायकांनी दोराला हात घातला, आणि ओढत, घसरत, एकमेकांवर ओरडत त्यांनी ती किंचाळणारी ॲम्ब्युलन्स नारळाखाली आणून उभी केली. भोंगा आपोआप दमला. सगळे चिंब, धापा टाकत वाळूत पसरलेले.

मावशीनं पातेल्यावरचं झाकण काढलं. या खेपेला कुणी काही विचारलं नाही.

वाडीवाल्या काकू तांदळाच्या भाकऱ्या आणि सोलकढीचा तांब्या घेऊन उतरल्या. "अमावास्येला उधाण येतं. पाणी देवळाच्या पायरीला लागतं. तेच सांगत होते."

"मग तसं सांगायचं की, ताई!" काका म्हणाले.

"बोलू दिलंत कुठं?"

"देवाचं काम हाय म्हणं," मावशी भज्जी वाढता वाढता पुटपुटली, आणि होडीवाल्यांना हसू फुटलं. पातेलं खरवडून स्वच्छ झालं. चष्मेवाल्यानं तिसऱ्यांदा आंबील मागून घेतली.

संध्याकाळी काका खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "जमलं की गं तुला. शेताबाहीर येळवस जमली." आवाजात जिंकल्याचा आनंद काही तिला सापडला नाही. ती पदराच्या टोकातली वाळू झटकत राहिली.

दुसऱ्या दिवशी गाडी वाळत ठेवून ते पलीकडच्या किनाऱ्याला पायवाटेनं निघाले. मध्ये उंच सडा लागतो. जांभ्या दगडाचं उघडं पठार, त्यावर वाळलेलं पिवळं गवत, आणि दोन्ही अंगांना खाली समुद्र. वर पोहोचल्यावर काकांनी सवयीनं वाकून चिमूटभर लाल माती उचलली, बोटांत चोळली आणि नाक मुरडून टाकून दिली.

"मला जमलं," मावशी म्हणाली. "शर्त तुमी जिकलात."

"हां."

"पण तुमाला न्हाई जमलं."

"मला? मला काय झालंय?"

"काल समुद्राला बांध घालत हुता तुमी."

"आगं, गाडी बुडत हुती."

"गाडी बुडत आसली तर माणूस आत बसून किल्ली फिरवतंय. तुमी मोरी ठेवत हुता. थकलेला माणूस मोरी ठेवतंय का?"

काका एका दगडावर बसले. मग त्यांनी तिच्याकडं न बघताच सांगितलं. भादव्यातला तो दिवस. पिकअप नेमकी दुरुस्तीला, म्हणून ती ट्रॉलीत आडवी, रस्ता चिखलानं भरलेला, ट्रॅक्टर दर वळणाला रुतायचा. ती हाकेला ओ देईना म्हणून ते वळून वळून बघायचे, आणि वळलं की चाक घसरायचं. मावशीला त्यातलं हलणारं आभाळ तेवढं आठवत होतं. काकांना सगळं आठवत होतं.

"पुण्यात दवाखाना खालीच हाय," ते म्हणाले. "फ्लॅटच्या खालीच. बालाजीनं दाखिवला मला. शेतीला कोण थकतंय?"

वारा गवतातून गेला. मावशी त्यांच्या शेजारी टेकली.

"अन् ही गाडी?"

"समुद्र बालाजीनं दाखिवला. मी निस्ती गाडी बघितली. दार मागून उघडतंय. आत खाट बसतीया."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मावशीच्या डोळ्याला पाणी आलं. ते तिनं पदरानं पुसलं नाही, वाऱ्यालाच दिलं. मग म्हणाली, "दवाखान्याची गाडी दारात उभी आसताना दवाखान्यापाशी राह्यला कशाला जायचं, सांगा बरं मला?"

काकांनी वाळल्या गवताची एक काडी उपटून दातात धरली.

"गाडीत मीठ शिरलंय," ते म्हणाले. "शिवप्रसादकडनं सगळं खोलून घ्यावं लागंल."

"घ्या की."

तिथून पुढं रत्नागिरीपर्यंत ते सावकाश गेले. मावशी रोज पाण्याच्या कडेनं चालली. बांध नसलेली जागाही बघायला चांगली असते, पण त्यासाठी आपला एक कुठंतरी असावा लागतो, असं तिनं परत आल्यावर माझ्या आईला पापड लाटताना सांगितलं. सड्यावरचं बोलणंही तिनं सांगितलं, पण ते पाडवा झाल्यावर. तोवर दोघांनी गावात चकार शब्द काढला नाही. त्यामुळं आम्ही सगळे एकच गोष्ट धरून चाललो होतो: येळवस बाहेर जमली, म्हणजे मावशी निघाली पुण्याला. बालाजीदादानं फ्लॅटमधली एक खोली रंगवून घेतली. अंगद दोनदा येऊन विहिरीची मोटर बघून गेला.

पाडव्याच्या आधी मी गावी गेलो होतो. अंगणात मावशीसमोर मी ती पुण्यातला जिना कशी चढेल, लिफ्टमध्ये ती कुणाला "कुण्या गावचं म्हनायचं तुमी?" कसं विचारेल, ते सगळं तिच्याच आवाजात करून दाखवलं. मावशी पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "एवढी खात्री हाय तर लाव पैज. पाडव्याला मी पुण्याला निघाले तर तू म्हनशील ते. न्हाई निघाले तर दुसऱ्या दिवशी शेतात समद्यांच्या भाकरी तू थापायच्या. गॅसवर न्हाई, चुलीवर. पोरीबाळींच्या समोर."

मी हातावर टाळी दिली. निकाल सड्यावरच लागून गेला होता, हे मला कुठं ठाऊक?

पाडव्याला काकांनी अंगदला बोलावलं, गूळ दिला आणि म्हणाले, "खालची पट्टी तू बघ बटईनं. वरचं आमचं आमी बघतो." बालाजीदादा घटकाभर रुसला आणि मग उन्हाळ्यात गाडी न्यायची का, असं विचारू लागला. मी मावशीकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. परातीत पीठ चाळत होती.

दुसऱ्या दिवशी चुलीपुढं मी बसलो, सगळा गोतावळा भोवती. पाणी जास्त झालं, मग पीठ जास्त झालं. माझी पहिली भाकरी हातातून निघेना, निघाली ती तव्यावर अर्धी आणि चुलीत अर्धी. महानंदाकाकू बांधापलीकडून ओरडल्या, "आगं माय, हे काय थापून राहिलंय पोरगं?" मी त्यांच्याच आवाजात उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मावशीनं पिठाचा दुसरा गोळा माझ्यापुढं ठेवला.

"आधी थाप," ती म्हणाली. "अजून लई माणसं जेवायची हायती."